शिकणाऱ्या हातांसाठी

तुटलेल्या नडगीवर धातूची पट्टी बसवायची, तर हाडाला आधी भोकं पाडावी लागतात. ड्रिल टेकलं की पहिल्यांदा लागतो हाडाचा बाहेरचा कठीण थर. तिथे जोर द्यावा लागतो. तो पार झाला की आत पोकळी आणि मज्जा. तिथे ड्रिलला अडवणारं काही नसतं. मग पलीकडचा थर, पुन्हा जोर. हा दुसरा थर फुटला रे फुटला की हात जागच्या जागी थांबला पाहिजे. नाही थांबला तर टोक पुढे मांसात घुसतं. गुडघ्याच्या मागे तर पायाला रक्त पुरवणारी मोठी रक्तवाहिनी हाडाला अगदी लागून असते. मुरलेल्या सर्जनला ड्रिलचा आवाज बदलला की कळतं, हाड संपत आलं. नवख्याचा हात मात्र पुढे जातो, कधी कधी चांगला सेंटिमीटरभर.

हा अंदाज पुस्तक वाचून येत नाही. त्यासाठी हाताला हाड लागतं आणि चुकायची मुभा लागते. आपल्या आईच्या पायावर कुणी पहिल्यांदाच ड्रिल चालवावं, असं कुणालाही वाटणार नाही. मग पहिलं ड्रिल चालायचं कशावर? एक तर सरावासाठी बनवलेल्या प्लास्टिकच्या हाडावर, नाही तर कुणी मरणोत्तर दिलेल्या देहावर. पहिल्याला पैसे लागतात आणि दुसऱ्याला माणूस. दोन्ही कुणीतरी दिल्याशिवाय मिळत नाहीत.

मराठवाडा देण्यात कधी मागे राहिलेला नाही. नांदेडला सचखंड हुजूर साहिबच्या लंगरमध्ये रोज हजारो माणसं जेवतात. परांचीवरून पडून गवंड्याचा पाय मोडला, तर गल्लीतली माणसं संध्याकाळपर्यंत वर्गणी गोळा करतात. तपासणी शिबिरं होतात, कुबड्या आणि चाकाच्या खुर्च्या वाटल्या जातात, दवाखान्याच्या खोल्यांवर आजी-आजोबांच्या नावाच्या पाट्या लागतात. हे सगळं दान मोडलेल्या माणसासाठी आहे आणि ते हवंच. पण मोडलेलं हाड जोडणारा डॉक्टर घडावा म्हणून, त्याला नवं काही शोधता यावं म्हणून, कुणी पावती फाडल्याचं क्वचितच ऐकू येतं. या प्रकरणाचा विषय तेच दान आहे.

लातूरच्या माणसाला हाडांच्या डॉक्टरांची गरज समजावून सांगावी लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं दमून झोपलेली. औसा तालुक्यातलं किल्लारी, शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं सास्तूर आणि आसपासची पन्नासाहून अधिक गावं त्या ६.२ तीव्रतेच्या भूकंपात जमीनदोस्त झाली. सुमारे दहा हजार माणसं गेली. घरं दगडमातीची, भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड आणि डोक्यावर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी ही बांधणी त्या पहाटे झोपलेल्या माणसांच्या अंगावर आली. जे वाचले त्यातल्या हजारोंची हाडं मोडली होती: मांड्या, कंबरा, पाठीचे मणके.

त्या दिवशी लातूरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. ते आलं २००२ मध्ये. नांदेडचं महाविद्यालय १९८८चं, म्हणजे जेमतेम पाच वर्षांचं. लातूरचं खासगी महाविद्यालय त्याहून नवं. जखमी लातूरच्या दवाखान्यांत गेले, सोलापूरला गेले, जिथे जागा मिळेल तिथे गेले. लातूरमध्ये ज्यांनी तो भार उचलला त्यात विवेकानंद रुग्णालय होतं. १९६६ मध्ये डॉ. अशोकराव कुकडे, डॉ. ज्योत्स्नाताई कुकडे आणि त्यांचे काही डॉक्टर सहकारी पुणं सोडून लातूरला आले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव होतं. पुण्यात चांगला जम बसवता आला असता अशा सर्जन अशोकरावांनी आयुष्य इथे घातलं. २०१९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. रुग्णालय लोकांच्या देणग्यांवर वाढत गेलं. मला विशेष वाटतं ते संस्थेच्या नावाचं: विवेकानंद मेडिकल फाउंडेशन अँड रिसर्च सेंटर. तालुक्याच्या गावात काम करताना संशोधन हा शब्द नावात धरायचा, म्हणजे हे काम इथेही व्हायला हवं असं मनोमन मानायचं.

किल्लारीच्या भूकंपावर भूगर्भशास्त्रज्ञांनी आणि स्थापत्य अभियंत्यांनी पुष्कळ लिहिलं. वैद्यकातही आपत्तीतून शिकण्याची परंपरा आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत होते, तेव्हा ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसं दोन-चार दिवसांनी दवाखान्यात दगावत. १९४१ मध्ये डॉ. एरिक बायवॉटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने अशा रुग्णांच्या बारीक नोंदी प्रसिद्ध केल्या. चेंगरलेल्या स्नायूंमधले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं बंद पडतात, हे त्यातून कळलं. आज ढिगारा पुरता उपसायच्या आधीच, आत अडकलेल्या माणसाला सलाइन सुरू करतात, ते या नोंदींमुळे. शंभर रुग्णांवर उपचार केले तर शंभर बरे होतात. त्या शंभरांचं पुढे काय झालं ते कुणी लिहून ठेवलं, तर न पाहिलेल्या गावातला, अजून न जन्मलेला माणूसही वाचतो. लिहून ठेवणं मात्र फुकट होत नाही.

महाराष्ट्रात हाडांच्या उपचारासाठी झालेल्या दानातून शिक्षण कसं उभं राहतं, याचं एक जुनं आणि मोठं उदाहरण मुंबईत आहे. फातेमा इस्माईल यांच्या लहान मुलीला, उषाला, पोलिओ झाला. त्या मुलीला घेऊन त्या मद्रासला अस्थिशल्यचिकित्सक डॉ. किणी यांच्याकडे राहिल्या. तिथे महिनोन्महिने चाललेले उपचार आणि व्यायाम त्यांनी डोळ्यांनी पाहिले. मुलगी चालू लागली. मुंबईत परतल्यावर त्यांना दिसलं की अशी शेकडो मुलं आहेत आणि त्यांना हे शिकवणारं कुणी नाही. डॉ. ए. व्ही. बाळिगांनी चौपाटीवरची आपली जागा दिली आणि १९४७ मध्ये तिथे दवाखाना सुरू झाला. त्यातून हाजी अलीचं मुलांचं ऑर्थोपेडिक रुग्णालय उभं राहिलं. पुढे १९५५ मध्ये त्याच हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आली. तिथून शिकलेले डॉक्टर आणि थेरपिस्ट देशभर गेले. बाळिगांनी जागा दिली तेव्हा ती काही मुलांच्या पायांसाठी दिली होती. त्या जागेतून पुढे शिकवणारी माणसं तयार झाली.

दुसरं उदाहरण स्वित्झर्लंडचं आहे, आणि ते पैशाच्या वाटेबद्दल आहे. १९५८ मध्ये बीलमध्ये तेरा सर्जन एकत्र आले. मोडलेलं हाड महिनोन्महिने प्लॅस्टरमध्ये ठेवल्याने सांधे आखडतात, माणूस कामातून जातो, हे त्यांना बदलायचं होतं. त्यांनी पट्ट्या आणि स्क्रूंची एक नेमकी पद्धत बसवली. ती अवजारं जगभर खपणार होती. त्यांच्यातल्या मॉरिस म्युलर आणि साथीदारांनी त्यातला नफा घरी नेला नाही. तो संशोधनाकडे आणि शिकवण्याकडे वळवला. १९६० पासून दाव्होसला अभ्यासवर्ग सुरू झाले. तिथे सर्जन टेबलाभोवती उभे राहून हाडांवर ड्रिल चालवायला शिकत, आणि प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद ठेवावी लागे. नांदेडच्या ऑपरेशन थिएटरमध्ये आज नडगीवर पट्टी बसते, तेव्हा तिच्या मागे कुठेतरी हे सोडून दिलेले पैसे आहेत.

आता त्या दानाकडे येऊ, जे द्यायला पैसा लागत नाही.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला शवविच्छेदन कक्ष असतो. लांबलचक दालन, स्टीलची टेबलं, डोळे चुरचुरवणारा फॉर्मॅलिनचा वास. पहिल्या दिवशी विद्यार्थी देहासमोर उभे राहून शपथ घेतात: या व्यक्तीचा मान राखू, तिची ओळख जपू, तिच्याकडून शिकलेलं रुग्णांसाठी वापरू. मग पुढचे महिने त्यांचा हा पहिला शिक्षक असतो. खांद्याभोवतीचे स्नायू कसे एकावर एक येतात, दंडाच्या हाडामागून मज्जातंतू कसा वळसा घालून जातो (दंड मोडला की मनगट का लोळतं, त्याचं उत्तर याच वळशात आहे), हे चित्रात सपाट दिसतं. देहात बोट घालून पाहिलं की ते कायमचं लक्षात राहतं. सुश्रुतसंहितेत मृतदेह वाहत्या पाण्यात ठेवून थर थर उलगडून पाहायची रीत सांगितली आहे. म्हणजे ही गरज आपल्याकडे कुणी नव्याने ओळखलेली नाही.

नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दर वर्षी दीडदीडशे विद्यार्थी येतात. दहा विद्यार्थ्यांमागे एक देह असावा, असा शिरस्ता धरला तर एका महाविद्यालयाला वर्षाला पंधरा देह लागतात. १९४९च्या शरीररचनाशास्त्र कायद्यानुसार बेवारस मृतदेह महाविद्यालयांना देता येतात. पण बेवारस देहावर अनेकदा पोलिसी शवविच्छेदन झालेलं असतं आणि मग तो शिकवण्याच्या फारसा उपयोगाचा राहत नाही. शिवाय मनात एक प्रश्न उरतोच: ज्याने आयुष्यात काही मिळवलं नाही, ज्याला कुणी विचारलं नाही, त्याच्याच देहावर सगळ्यांनी शिकायचं का? आपण होऊन दिलेल्या देहाला म्हणूनच वेगळा मान आहे.

देहदानाच्या नमुन्यासाठी नांदेड-लातूरकरांना फार लांब जायला नको. नानाजी देशमुखांचा जन्म शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचा. २७ फेब्रुवारी २०१० रोजी चित्रकूटला त्यांचं निधन झालं आणि त्यांचा देह दिल्लीच्या एम्सला गेला. तशी नोंद त्यांनी १९९७ मध्येच करून ठेवली होती. त्याच्या सहा आठवडे आधी, १७ जानेवारीला, ज्योती बसू गेले आणि त्यांचा देह कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयाला दिला गेला. एक संघाचे, एक कम्युनिस्ट. आयुष्यभर एकमेकांच्या विरुद्ध उभ्या राहिलेल्या दोन विचारांच्या माणसांनी शेवटचा निर्णय सारखाच घेतला.

मराठवाड्यात या बाबतीत घरोघरी अडतं ते श्रद्धेपाशी, आणि ती अडचण उडवून लावण्यासारखी नाही. वडील गेले की तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करायच्या, नांदेडला गोदावरीत सोडायच्या. देह दिला तर विसर्जनाला अस्थीच उरत नाहीत. लिंगायत घरात देहाला समाधी द्यायची रीत; मुसलमान घरात दफन. मुलाने वडिलांची इच्छा पाळायची ठरवली तरी आत्या, काका, भावकी दारात उभी राहते. तरीही लोक देतात. दहावं, तेरावं, पुण्यस्मरण त्यांनाही करता येतंच. ज्या अस्थी गोदावरीत गेल्या असत्या, त्या महाविद्यालयात राहतात. विच्छेदन संपल्यावर स्वच्छ केलेली हाडं टेबलावर मांडली जातात आणि पुढची कित्येक वर्षं विद्यार्थी त्यांच्यावरून बोट फिरवत स्नायू कुठे चिकटतो ते शिकतात. एकेकाळी जगाला सांगाडे पुरवणारा सर्वांत मोठा देश आपला होता. १९८५ मध्ये सरकारने मानवी हाडांची निर्यात बंद केली. त्या व्यापारातली हाडं कुणाची होती आणि त्यांना कुणी विचारलं होतं, हा प्रश्न आठवला की राजीखुशीने दिलेल्या एका देहाची किंमत जास्त कळते.

ज्यांना देहदान करायचं आहे त्यांनी व्यवहाराची बाजू नीट समजून घ्यावी. अर्ज महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. त्यावर जवळच्या नातेवाइकांच्या सह्या लागतात. पण खरं बंधन अर्जाचं नसतं. मृत्यूनंतर घरच्यांनी विभागाला फोन केला तरच दान पुरं होतं. त्यामुळे अर्ज कपाटात ठेवून देण्यापेक्षा घरात चार वेळा बोलून ठेवावं. डॉक्टरने दिलेला मृत्यूचा दाखला लागतो, देह काही तासांत पोहोचावा लागतो, उन्हाळ्यात तर लवकरच. अपघाती किंवा पोलीस प्रकरणातला मृत्यू असेल, एचआयव्ही किंवा काविळीच्या विषाणूसारखा संसर्ग असेल, तर महाविद्यालय देह नाकारू शकतं. तेव्हा घरच्यांनी अपमान वाटून घेऊ नये. नेत्रदान आणि देहदान दोन्ही एकत्र करता येतं.

जिवंतपणी हाड देता येतं, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडाचं गोल डोकं कापून काढतात. एरवी ते फेकून दिलं जातं. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊतींची बँक आहे. रुग्णाच्या संमतीने घेतलेलं हाड तिथे तपासतात, धुतात, गोठवून कोरडं करतात, पाकिटात बंद करतात आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. पाकिटातलं ते हाड पुढे दुसऱ्या कुणाच्या शरीरात, गाठ खरवडून काढल्यावर उरलेली पोकळी भरायला वापरलं जातं. २०११ मध्ये अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ऊतींचाही त्यात समावेश झाला, त्यामुळे या देण्याला कायद्याचा आधार आहे. नांदेड-लातूरमध्ये सांधेबदलाच्या शस्त्रक्रिया आता नेहमीच्या झाल्या आहेत; तिथे काढलेली ही डोकी अशा बँकेपर्यंत पोहोचवण्याची सोय उभी करणं, हे एखाद्या स्थानिक संस्थेला सहज झेपेल असं काम आहे. पुराणातल्या दधीची ऋषींना हाडं देण्यासाठी प्राण द्यावे लागले होते. इथे रुग्णाची एक सही पुरते.

आणि संशोधन? ते मोठ्या शहरात, मोठ्या यंत्रांवर होतं, असा आपला समज. तो अर्धाच खरा आहे. ऑर्थोपेडिकमध्ये एम.एस. करणाऱ्या प्रत्येक निवासी डॉक्टरला तीन वर्षांत एक प्रबंध लिहावा लागतो, आणि ती नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची अट आहे. म्हणजे लातूर-नांदेडमध्ये दर वर्षी संशोधन होतंच. त्याची बाजू लंगडी पडते ती एका साध्या ठिकाणी. ऑपरेशन झालेला रुग्ण सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, वर्षाने परत दाखवायला आला पाहिजे. तरच हाड जुळलं का, तो पुन्हा शेतात उभा राहिला का, हे कळणार. माणूस येत नाही. किनवट-माहूरकडून नांदेडला यायचं म्हणजे सव्वाशे-दीडशे किलोमीटर. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीनंतर प्रवास मोफत आहे. पण ज्याचा पाय मोडलाय तो बहुधा रोजंदारीवरचा गडी. त्याला सोबत एक माणूस आणावा लागतो आणि दोघांची मजुरी बुडते. पाय दुखत नसेल तर तो कशाला येईल? प्रबंधाच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे रकाना कोरा राहतो. असे रकाने वाढले की त्या अभ्यासावर कुणी विसंबत नाही.

इथे दान कुठे द्यावं, ते आपोआप दिसतं. तिकीट आणि एका दिवसाची मजुरी दिली, तर ते रुग्णाला दिलेलं दान आहेच, शिवाय ते संशोधनाला दिलेलं दानही आहे. जन्मतः वाकडी पावलं असलेल्या मुलांच्या बाबतीत तर हे आणखी खरं. हजारात एखाद्या बाळाला हा दोष असतो. पोन्सेटी पद्धतीने दर आठवड्याला नवं प्लॅस्टर घालत पाच-सात आठवड्यांत पाऊल सरळ होतं, बहुतेकदा टाचेमागच्या कंडरेला छोटा छेद द्यावा लागतो. पण त्यानंतर चार-पाच वर्षांचं होईपर्यंत रात्री पट्टीला जोडलेले बूट घालावे लागतात. आईने कंटाळून किंवा बूट लहान झाले म्हणून ते सोडले, की पाऊल पुन्हा वळतं. नवे बूट आणि येण्या-जाण्याचे पैसे, एवढ्यावर पुढचं सगळं ठरतं.

नांदेड जिल्ह्याचा एक प्रश्न तर जगाच्या वैद्यकाच्या आस्थेचा आहे. किनवट भागातल्या काही विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकानुसार ते लिटरला एक मिलिग्रॅमच्या आत हवं; दुसरा स्रोत नसेल तर फार तर दीड. वर्षानुवर्षं जास्त फ्लोराइड पोटात गेलं की आधी दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, मग हाडं घट्ट आणि ठिसूळ होतात, सांध्यांभोवतीचे बंध हाडासारखे कडक होतात, पाठ बांबूसारखी ताठ होते. कोपर ते मनगट या भागातल्या दोन हाडांमध्ये एक पडदा असतो. एक्स-रेत तो पडदा हाडाळलेला दिसला तर निदानाला बळकटी येते. भारतात या आजाराचं पहिलं वर्णन १९३७ मध्ये नेल्लोर भागातून आलं. किनवटच्या एखाद्या गावात दर वर्षी पाण्याची तपासणी, निवडक माणसांचे एक्स-रे आणि दहा वर्षं तीच माणसं पुन्हा पाहणं: याला प्रयोगशाळेपेक्षा चिकाटी जास्त लागते. पाणी बदलल्यावर हाडं कितपत सुधारतात, हे असा अभ्यास सांगू शकेल, आणि ते सांगायला नांदेडइतकी योग्य जागा दुसरी कुठली?

देणगी देणाऱ्याने तिचा हेतू पावतीवर लिहून घ्यावा. सरकारी महाविद्यालयात अधिष्ठात्यांच्या कार्यालयात विचारावं, खासगी न्यासात विश्वस्तांना विचारावं. यंत्र द्यायचंच तर त्याच्या पाच वर्षांच्या देखभालीचा खर्चही सोबत द्यावा. यंत्रावरचं नाव झळकत राहतं आणि एका बिघडलेल्या तुकड्यापायी ते कोपऱ्यात पडून राहतं, असं अनेकदा होतं. त्यापेक्षा कायम निधी बरा. दहा लाख रुपये सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला सत्तर हजार व्याज येतं. एका खेपेला रुग्णाचं आणि सोबतच्याचं तिकीट, दोघांची मजुरी मिळून दोन हजार धरले, तर त्या व्याजात दर वर्षी पस्तीस खेपा होतात. तीन वर्षांत शंभराहून जास्त. एका प्रबंधाचे कोरे रकाने भरायला तेवढ्या पुरतात.